बंदूक कशाला हवी?

शस्त्र परवान्याच्या अर्जात शस्त्र कशासाठी हवं ते लिहावं लागतं. कारध्याच्या शेतकऱ्याला त्यावर फार डोकं खाजवावं लागत नाही. भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. पुढे धानाच्या बांध्या, आणि तसंच पुढे गेलं की कोका अभयारण्याचं जंगल. रानडुकरांचा कळप रात्री बांधीत शिरला की खातो थोडं आणि तुडवतो जास्त. म्हणून कारण एकच, पीक संरक्षण.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने हे कारण नावानिशी मान्य केलं आहे. त्याचं कलम १३ सांगतं, की पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ठासणीची पुरणार नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी, मात्र तिची नळी वीस इंचांहून आखूड नसावी. ठासणीची म्हणजे आपल्याकडची भरमार. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी दाबायची, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची आणि मग एकच बार. दुसऱ्या बारापर्यंत डुकरं शिवार ओलांडून गेलेली असतात. कायदा करणाऱ्यांना बहुधा तेच हवं होतं. आवाज व्हावा, जनावर पळावं, आणि याच बंदुकीने कोणाला दंगल करता येऊ नये.

हा विचार इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. १८५७ नंतर सरकारला सगळ्यात जास्त भीती होती ती लोकांच्या घरातल्या शस्त्रांची. लॉर्ड लिटनच्या काळातल्या त्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मोकळीक दिली. राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते याच भेदभावामुळे. स्वातंत्र्यानंतर वंशाचा भेद गेला, परवाना राहिला. बंदूक हा हक्क नाही, सरकारने कारण पाहून दिलेली परवानगी आहे, हे तत्त्वही राहिलं.

त्यामुळे कारध्याचा अर्ज भंडाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, चौकशी कारधा पोलीस ठाण्याकडे येते, माणसाची चालचलणूक पाहिली जाते, डॉक्टरचा दाखला लागतो. एवढं होऊन बंदूक हाती आली तरी डुक्कर मारता येतंच असं नाही. तिथे दुसरा कायदा आडवा येतो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. रानडुक्कर त्याच्या परिशिष्टात आहे आणि त्याला मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. २०१५ साली राज्य शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत आणि रोह्यांबाबत, म्हणजे नीलगायींबाबत, ही परवानगी खालच्या पातळीवर मिळावी अशी सोय केली. तरी कागद दोनच राहिले, एक बंदुकीचा आणि एक जनावराचा. हे सगळं टाळून पूर्व विदर्भात अनेकजण कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. त्या तारेला कुठलाही शस्त्र परवाना लागत नाही आणि ती डुक्कर, वाघ आणि शेजारचा माणूस यांत फरक करत नाही.

जानेवारी २०२४ ते जानेवारी २०२५ हे वर्ष महाराष्ट्रात बंदुकीच्या बातम्यांनी भरलेलं होतं. त्या बातम्या ओळीने वाचल्या तर अर्जातलं ते कारण कोणाकोणाकडे होतं, असा प्रश्न पडतो.

२ फेब्रुवारी २०२४. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाच्या शिवसेनेचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याची घटना घडली. जागेचा वाद होता, दोन्ही पक्ष सत्तेत एकत्र होते आणि सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं. महेश गायकवाड वाचले. आमदारांना अटक झाली, आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारसंघातून त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड भाजपच्या तिकिटावर निवडून आल्या. सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसरमध्ये उद्धव ठाकरे गटाचे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण सुरू असताना हत्या झाली. गोळ्या झाडणाऱ्याने नंतर स्वतःवरही गोळी झाडली. पोलीस तपासात पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं निघालं.

दहिसरचा हा तपशील महत्त्वाचा आहे. परवाना व्यक्तीला मिळतो. तो तिच्या घराला किंवा मालकाला लागू होत नाही. परवानाधारकाने आपलं शस्त्र परवाना नसलेल्याच्या हाती देणं हा कायद्याने गुन्हा आहे. पण पैसेवाल्याने परवानाधारक माणूसच नोकरीला ठेवला, की बंदूक व्यवहारात कोणाची हे कोण पाहणार? अर्जात अंगरक्षकाने लिहिलेलं कारण त्याच्यापुरतं खरंही असेल. बंदूक मात्र भलत्याच्याच टेबलाच्या खणात पडलेली असते.

दिल्लीतल्या कायदेमंडळाला ही पळवाट ठाऊक नव्हती असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने शस्त्र कायद्यात मोठी दुरुस्ती केली. एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दोनवर आणल्या. मूळ विधेयकात तर एकच होती. वारशाने आलेल्या बंदुकांचे मालक आणि नेमबाज यांच्या ओरडीनंतर ती दोन झाली. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं नवं कलम आलं. पोलिसाची बंदूक हिसकावली तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. संख्या आणि शिक्षा यांवर कायद्याने हात घातला. परवाना कोणाच्या शिफारशीवर निघतो, हा भाग जिथल्या तिथे राहिला.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात दोन निवडणुका झाल्या. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेते, गरज पाहून काहींना सूट देते, आणि निकालानंतर आठवडाभराने त्या परत मिळतात. भंडारा-गोंदियाचं लोकसभेचं मतदान पहिल्या टप्प्यात, १९ एप्रिलला झालं, पण निकाल ४ जूनला लागला. म्हणजे मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत, उन्हाळी धान उभं असताना, बंदुका ठाण्यात. विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला. खरिपाचं धान लोंबीत भरून कापणीला येतं तो नेमका हाच काळ. समितीने सूट दिली नाही तर पीक संरक्षणाची बंदूक पीक संरक्षणाच्या ऐन दिवसांत कुलूपबंद. डुकरांना आचारसंहिता कोणी लावावी, हे निवडणूक आयोगाच्या पुस्तिकेत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला एक चांगली बातमी आली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकला. क्रीडा हेही कायद्याने मान्य केलेलं कारण. नेमबाजांसाठी शस्त्रांच्या आणि काडतुसांच्या सवलती वेगळ्या आहेत. त्याचं पदक पाहून किती पोरांनी रायफल मागितली असेल आणि किती बापांनी तिची किंमत ऐकून विषय बदलला असेल, ते सोडून देऊ.

मग ऑक्टोबर. १ तारखेला पहाटे अभिनेते आणि माजी खासदार गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं आणि बार झाला, असं सांगण्यात आलं. लोकांनी खिल्ली उडवली, समाजमाध्यमांवर शंका घेतल्या गेल्या. पण पडल्यावर रिव्हॉल्व्हर सुटू शकतं का, याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा काडतुसांचं फिरतं नळकांडं असतं. चाप ओढला की मागचा घोडा उठतो आणि पुढे आपटतो. घोड्याची टोचणी काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर बसते आणि बार होतो. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा विश्रांतीलाही प्रायमरला जवळजवळ टेकलेला असतो. अशा वेळी बंदूक घोड्यावरच आदळली, तर तो धक्का सरळ प्रायमरपर्यंत जातो. म्हणून जुने लोक घोड्यासमोरचं एक घर रिकामं ठेवत. सहाचं रिव्हॉल्व्हर पाच गोळ्यांनी भरायचं. पुढच्या काळात कारागिरांनी यावर दोन उपाय काढले. एका पद्धतीत घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये पोलादाची पट्टी आडवी असते आणि ती चाप पूर्ण ओढल्यावरच बाजूला होते. दुसऱ्या पद्धतीत उलट, घोडा टोचणीपर्यंत पोहोचतच नाही. चाप ओढल्यावर एक पट्टी वर येते आणि घोड्याचा मार टोचणीला पोहोचवते. चाप नाही तर पट्टी नाही, पट्टी नाही तर बार नाही. हा भाग झिजलेला किंवा तुटलेला असेल तर मात्र नवं रिव्हॉल्व्हरही जुन्यासारखंच वागतं. आपल्याकडे परवाना नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र दाखवावं लागतं, पण पाहणारा क्रमांक जुळवतो. पट्टी शाबूत आहे का ते पाहायला शस्त्रकारागीर लागतो.

गोविंदा यांच्या त्या घटनेनंतर अकरा दिवसांनी दसरा होता. १२ ऑक्टोबर, घरोघरी शस्त्रपूजन झालेलं, आणि रात्री वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची मुलाच्या कार्यालयाबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. पोलिसांनी तपासात विदेशी बनावटीच्या पिस्तुलांबरोबर गावठी शस्त्रही हस्तगत केलं. इथे परवान्याचा, कारणाचा, छाननी समितीचा काही संबंधच नाही. ज्याला खून करायचा आहे तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रांगेत उभा राहत नाही. नेमकी हीच चिंता सर्वोच्च न्यायालयापुढे होती. बेकायदा शस्त्रांचा प्रश्न न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतला, अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत अधिकार आपल्या राज्यघटनेत नाही हे त्या वेळी सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येक राज्याला मुख्य सचिवांच्या पातळीवरची समिती नेमून कृती आराखडा करायला सांगितलं. त्या समितीत गृह आणि विधी सचिव, पोलीस महासंचालक यांच्याबरोबर शस्त्रतज्ज्ञही हवा, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. गावठी कट्टा कसा बनतो हे ज्याला कळतं, तोच त्याचा माग काढू शकतो.

डिसेंबरमध्ये बीडचं प्रकरण आलं. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबरला अपहरण करून त्यांना मारहाण करून ठार केलं गेलं. या खुनात बंदूक चालली नव्हती. तरी गदारोळ उठला तो बंदुकांवरही, कारण बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं त्या निमित्ताने बाहेर आलं, आणि हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या. दुष्काळी, ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात एवढ्या बंदुका कशापासून रक्षण करत होत्या? प्रशासनाने फेरतपासणी काढली, गुन्हे असलेल्यांचे परवाने रद्द करायला सुरुवात केली. ती तपासणी परवाना देण्याआधी करायची असते, हे कायद्यात आहेच. कमरेला लटकणारं पिस्तूल क्वचितच सुटतं. ते दिसलं की काम होतं, आणि दिसणं हे कारण अर्जात कोणी लिहीत नाही.

याच वर्षी अमेरिकेत वाद वेगळाच चालला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २०२४ ला सहा विरुद्ध तीन मतांनी 'बंप स्टॉक'वरची बंदी उठवली. बंप स्टॉक हा रायफलीला लावायचा सरकता दस्ता. साध्या अर्धस्वयंचलित रायफलीत एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते. सरकत्या दस्त्यामुळे प्रत्येक बाराच्या धक्क्याने रायफल मागे जाते, पुढच्या हाताच्या रेट्याने पुन्हा पुढे येते, आणि स्थिर ठेवलेल्या बोटावर चाप आपणहून आपटत राहतो. परिणाम मशीनगनसारखा. २०१७ मध्ये लास वेगासच्या हत्याकांडात असे दस्ते वापरले गेले म्हणून ट्रम्प सरकारने ते बंद केले होते. न्यायालय म्हणालं, चाप प्रत्येक गोळीला वेगळा दाबला जातो, म्हणून कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ही मशीनगन नाही. एका आपटणाऱ्या चापावर देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशांनी पानंच्या पानं लिहिली. महिन्याभरात, १३ जुलैला, पेनसिल्व्हेनियात ट्रम्प यांच्यावरच रायफलीने गोळीबार झाला.

तिथे कायदा विचारतो, ही बंदूक कोणत्या जातीची? मालकाला ती कशाला हवी, हे विचारायला तिथे घटनाच आडवी येते. आपला कायदा उलट माणसापासून सुरू होतो. माझ्या मते आपली बाजू मुळात बरोबर आहे, पण तिची सगळी ताकद कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर उभी आहे. त्याच्यावर वजन आलं की कायद्याचं तोंड बंद होतं. कारध्याच्या माणसाचं कारण शेतात जाऊन पाहता येतं, तुडवलेली बांधी दिसते. 'जिवाला धोका' हे कारण पाहायला जायचं कुठे?

या सगळ्या गोंगाटात बंदूक घडवणारे आपल्या वाटेने चालले होते. ८ जानेवारी २०२४ ला पुण्याच्या एआरडीई, म्हणजे पाषाणच्या शस्त्र संशोधन आणि विकास संस्थेने 'उग्रम' ही रायफल पुढे आणली. हैदराबादच्या द्वीपा आर्मर या खासगी कंपनीबरोबर ती बनली. ७.६२ मिलिमीटरची गोळी, वजन चार किलोच्या आत, मारा ५०० मीटर, वीस गोळ्यांचं मॅगझिन. याच संस्थेने पूर्वी इन्सास रायफल केली होती, ५.५६ मिलिमीटरची. हलकी गोळी, जवान जास्त काडतुसं बाळगू शकतो, हा त्या वेळचा हिशेब. काश्मीरच्या अनुभवाने तो बदलला. जवळच्या चकमकीत एकाच गोळीत समोरचा थांबला पाहिजे, म्हणून लष्कर पुन्हा जाड गोळीकडे वळलं. अमेठीजवळच्या कोरव्यात रशियाच्या भागीदारीत बनणाऱ्या एके-२०३ पैकी ३५ हजार रायफली जुलै २०२४ पर्यंत लष्कराला मिळाल्या. पण एके-२०३ ची ७.६२ गोळी ३९ मिलिमीटर पुंगळीची आणि उग्रमची ५१ ची. जाडी एकच, काडतुसं वेगळी. एकाच सैन्यात तीन जातींची काडतुसं पुरवायची ही कसरत पुरवठा खात्याच्या अंगावर.

'अस्मी' हे मशीन पिस्तूल तर त्याहून रंजक. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये, एआरडीईच्या साथीने, चार महिन्यांत ते उभं केलं आणि २०२१ मध्ये ते लोकांपुढे आलं. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापाचे काही भाग थ्रीडी छपाईचे. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी ५५० नगांची मागणी नोंदवली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीच्या प्रमुखाचा खून झाला, तेव्हा पकडलेल्या संशयिताजवळ थ्रीडी छपाईचं पिस्तूल सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. तंत्र तेच. एका जागी संशोधकाचा वेळ वाचला, दुसऱ्या जागी कारखाना, क्रमांक आणि परवाना तिन्ही वगळता आले.

बंदूक कुठलीही असो, दारूशिवाय ती नळीच. आणि दारूचा विषय आला की भंडारा जिल्हा पुन्हा समोर येतो. शहराच्या नागपूरकडच्या बाजूला जवाहरनगर इथे १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. तोफगोळे आणि काडतुसांत भरायची दारू हे तिचं काम. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा ती पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली.

भरमारीत लागते ती काळी दारू. सोरा तीन हिस्से, उरलेल्या एका हिश्श्यात कोळसा आणि गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त राख आणि धूर उरतो. म्हणून नळी घाण होते आणि बार करणाऱ्याची जागा धुराने उघडी पडते. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूर न करणारी दारू केली. कापसाच्या सरकीवर उरलेले आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा नत्राम्लात मुरवला की नायट्रोसेल्युलोज मिळतं. त्याला जेलीसारखं करून हव्या त्या आकारात दाबून काढायचं. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची ती एकाधारी, नायट्रोग्लिसरीन मिसळलं की द्विआधारी.

खरी कला दाण्याच्या आकारात आहे. भरीव दाणा बाहेरून जळत लहान होतो, पृष्ठभाग कमी होतो आणि वायू घटत जातो. गोळा तर नळीत पुढे सरकत असतो, मागची पोकळी वाढत असते. तेव्हा वायू वाढायला हवा. म्हणून तोफेच्या दारूच्या दाण्याला लांबीभर सात भोकं पाडतात. बाहेरून दाणा आटतो, पण आतून भोकं रुंदावत जातात आणि जळणारा पृष्ठभाग वाढतो. गोळा नळीच्या तोंडापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला मागून रेटा मिळत राहतो. ही दारू जुनी झाली की आतून हळूहळू विघटित होते, उष्णता सोडते आणि आपोआप पेटू शकते. म्हणून तिच्यात स्थिरता देणारं रसायन घालतात आणि साठ्याची ठरावीक काळाने तपासणी करतात.

अशा कारखान्यांत इमारती एकमेकींपासून लांब बांधतात, मध्ये मातीचे उंच बंधारे घालतात. दुर्घटना झालीच तर ती एका इमारतीत संपावी, बाजूचा साठा पेटू नये, हा हेतू. आतल्या माणसांची संख्याही ठरवून दिलेली असते. २७ जानेवारी २०२४ ला जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन एक कर्मचारी दगावला. वर्ष पुरं व्हायला तीन दिवस असताना, २४ जानेवारी २०२५ ला सकाळी, पुन्हा स्फोट झाला आणि इमारतीचं छत आतल्या कामगारांवर कोसळलं. त्या दिवशी ८ जण गेले. शेजारच्या इमारती पेटल्या नाहीत.